जुने स्मार्टवॉच नव्या फोनला जोडताना : आधी जुन्या फोनवर काय करावे, मग नव्यावर काय

नवा फोन घेताना संपर्क, छायाचित्रे, व्हॉट्सॲपवरील संभाषणे आणि बँकांची ॲप्स यांची काळजी बहुतेक जण आठवणीने घेतात. मनगटावरच्या घड्याळाचा विचार मात्र जुना फोन हातातून गेल्यावरच सुचतो. ठाण्यात नौपाड्यातल्या किंवा वाशीत सेक्टर १७ मधल्या एखाद्या दुकानात एक्सचेंजमध्ये फोन घेतला, तर सगळा डेटा नव्या फोनवर चढवून जुना फोन तिथेच काउंटरवर रीसेट केला जातो, आणि ऑनलाइन मागवला, तर डिलिव्हरीला आलेला माणूस दारातच जुना फोन तपासून घेऊन जातो. नव्या फोनला घड्याळ जोडण्याचे काम मुळात फार तर अर्ध्या तासाचे आहे. ते दोन-दोन दिवस रेंगाळते, याचे कारण बहुतेक वेळा जुन्या फोनवर राहून गेलेल्या तयारीत सापडते. म्हणून आधी जुन्या फोनवरच्या कामाकडे वळू.

घड्याळ यादीत दिसत का नाही?

स्मार्टवॉच फोनशी ब्लूटूथच्या कमी वीज वापरणाऱ्या प्रकाराने जोडलेले असते. २०१० मध्ये आलेल्या ब्लूटूथ ४.० पासून हा प्रकार वापरात आला आणि घड्याळाची बॅटरी अनेक दिवस टिकणे त्यामुळेच शक्य झाले. साधारण घड्याळे एका वेळी एकाच फोनशी अशी जोडणी ठेवतात, आणि ती चालू असेपर्यंत आपण उपलब्ध असल्याचा संकेत इतर फोनना पाठवत नाहीत. जुन्या फोनचे ब्लूटूथ चालू असेल आणि तो आसपास कुठेही असेल, तर नव्या फोनवरील शोधयादीत घड्याळ येणारच नाही.

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचे घड्याळ असेच संध्याकाळभर नव्या फोनला सापडत नव्हते. घड्याळ बंद करून चालू केले, ॲप काढून पुन्हा टाकले, तरी यादी रिकामीच राहिली. जुना फोन नातवाला खेळायला दिला होता आणि तो आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. त्याचे ब्लूटूथ बंद करताच घड्याळाचे नाव यादीत आले. जुना फोन घरातच राहणार असेल, तर केवळ ब्लूटूथ बंद करून भागवू नये, कारण कोणी ते पुन्हा चालू करताच घड्याळ तिकडे ओढले जाण्याची शक्यता राहते. जोडणी मुळापासूनच काढून टाकावी.

फोन ठरवण्याआधीची एक खातरजमा

ॲपल वॉच फक्त आयफोनबरोबर चालते. अँड्रॉइड फोन घेतला, तर ते जोडता येत नाही. त्यातही घड्याळातील वॉच ओएस या प्रणालीला आयफोनवर ठरावीक आवृत्ती लागते. उदाहरणार्थ, वॉच ओएस ११ साठी आयफोन एक्सएस किंवा त्यानंतरचा फोन आणि त्यावर आयओएस १८ हवे. सॅमसंगचे गॅलेक्सी वॉच ४ हे २०२१ मध्ये आले आणि तेव्हापासूनची गॅलेक्सी वॉच मालिका आयफोनशी जोडता येत नाही. ती इतर कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनवर चालते, पण ईसीजी आणि रक्तदाबाची सोय अधिकृतपणे सॅमसंगच्याच फोनवर मिळते. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी मुख्यतः ईसीजीकरिता असे घड्याळ घेतले असेल आणि आता दुसऱ्या कंपनीचा फोन घेण्याचा विचार असेल, तर ही बाब किमतीइतकीच महत्त्वाची समजावी. नॉइज, बोट, फायर-बोल्ट, फास्ट्रॅक, अमेझफिट या नावांनी मिळणारी बहुतेक घड्याळे दोन्ही प्रकारच्या फोनवर चालतात, मात्र आयफोनवर संदेशांना घड्याळावरून उत्तर देण्यासारख्या काही सोयी सहसा मिळत नाहीत.

जुन्या फोनवरची तयारी

पहिली पायरी खात्याची आहे, आणि तीच सर्वाधिक वेळा चुकते. घड्याळाचे ॲप उघडून आपण त्यात कोणत्या मार्गाने प्रवेश केला होता, हे पाहून घ्यावे. मोबाइल क्रमांकावर ओटीपी घेऊन, ईमेल आणि पासवर्ड देऊन, गूगलच्या खात्यावरून, की पाहुणा म्हणून कोणतेच खाते न उघडता? नव्या फोनवर वेगळ्या मार्गाने प्रवेश केला, तर अनेक ॲप्स नवे रिकामे खाते उघडतात आणि मग वर्षभराची पावले, झोप आणि नाडीच्या नोंदी गेल्या, असे वाटते. त्या जुन्या खात्यात सुरक्षित असतात, आपण चुकीच्या दारातून आत आलेलो असतो, इतकेच. पाहुणा म्हणून ॲप वापरत असल्यास मात्र नोंदी फक्त त्या फोनमध्येच राहतात. अशा वेळी ॲप तशी सोय देत असेल, तर आधी खाते जोडून घ्यावे.

त्यानंतर ॲपच्या मुख्य पानावर बोट खाली ओढून घड्याळातल्या ताज्या नोंदी फोनवर उतरवून घ्याव्यात आणि वाय-फाय चालू ठेवून त्या खात्यात चढू द्याव्यात. सॅमसंग हेल्थमध्ये सॅमसंग खात्याशी सिंक चालू आहे का, आणि आयफोनवर आयक्लाउडच्या यादीत हेल्थ चालू आहे का, हे मुद्दाम पाहावे. आयफोनचा बॅकअप संगणकावर घेणार असाल, तर तो एन्क्रिप्टेड, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद केलेला, असायला हवा. साध्या बॅकअपमध्ये आरोग्याच्या नोंदी जात नाहीत.

स्वस्त घड्याळांच्या बाबतीत नोंदी खात्यात राहतात, पण मांडणी राहील याची खात्री नसते. कोणत्या ॲप्सची नोटिफिकेशन घड्याळावर येतात, गजर किती वाजताचे आहेत, पाणी पिण्याची किंवा औषधाची आठवण कधीची आहे, कॉल कापताना पाठवायचे ठरीव संदेश कोणते आहेत, या पानांचे स्क्रीनशॉट घेऊन ते स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावेत. घड्याळाच्या तोंडावर घरच्यांचा फोटो लावला असेल, तर मूळ फोटो नव्या फोनवर गेला आहे, हेही पाहावे.

घड्याळाला अपडेट आलेला असेल, तर तो जुन्याच फोनवरून करून घेणे माझ्या मते शहाणपणाचे आहे, कारण नव्या जोडणीच्या मधोमध सुरू झालेला अपडेट अर्धवट राहिला, तर नेमका दोष कुठे आहे, हे शोधणे अवघड होते. अपडेट असो वा नसो, घड्याळ निम्म्याहून अधिक चार्ज असावे.

शेवटची पायरी म्हणजे जोडणी सोडणे. ॲपमध्ये घड्याळाच्या पानावर खाली ‘अनपेअर’ किंवा ‘रिमूव्ह डिव्हाइस’ असा पर्याय असतो. आधी तो वापरावा आणि मगच फोनच्या ब्लूटूथ यादीत जाऊन घड्याळाचे नाव ‘फर्गेट’ करावे. हा क्रम उलटा केला, तर काही ॲप्स घड्याळ आपल्याच खात्याला बांधून ठेवतात आणि नव्या फोनवर ते दुसऱ्या खात्याशी जोडलेले असल्याची सूचना येते. केवळ ॲप फोनमधून काढून टाकल्याने जोडणी सुटत नाही.

ही पायरी ॲपल वॉचला आणि वेअर ओएस या गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या अलीकडच्या घड्याळांना (गॅलेक्सी वॉच ४ पासूनची मालिका त्यांतलीच) लागू नाही. त्यांची पद्धत पुढे दिली आहे.

नव्या फोनवर : सर्वसाधारण घड्याळे

आधी योग्य ॲप मिळवावे. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या घड्याळांना वेगवेगळी ॲप्स लागतात आणि प्ले स्टोअरवर सारख्या नावांची भलतीच ॲप्सही दिसतात, म्हणून नावावरून अंदाज न बांधता घड्याळातल्या किंवा खोक्यावरच्या क्यूआर कोडवरून जावे. खोके टाकून दिले असेल, तरी घड्याळाच्या सेटिंग्जमध्ये तो कोड बहुधा मिळतो. कोड स्कॅन केल्यावर प्ले स्टोअर उघडण्याऐवजी एखाद्या संकेतस्थळावरून थेट फाइल उतरू लागली, तर तिथेच थांबावे आणि तेच ॲप प्ले स्टोअरवर शोधावे. यामागे सुरक्षिततेखेरीज आणखी एक कारण आहे : अँड्रॉइड १३ पासून, अशा बाहेरून टाकलेल्या ॲपला नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी सुरुवातीला रोखून धरलेली असते.

आता महत्त्वाची सूचना. नवा फोन हाती येताच ब्लूटूथची यादी उघडून तिथूनच घड्याळ जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि जोडणी ॲपमधूनच करावी. ब्लूटूथ यादीतून थेट जोडलेले घड्याळ ‘कनेक्टेड’ दिसते, पण ॲपला ते सापडत नाही, आणि मग पावले, वेळ, नोटिफिकेशन यांपैकी काहीच पुढे सरकत नाही.

ॲप उघडताच परवानग्यांची रांग लागते. इथे सगळ्यांना सरसकट होकार किंवा सरसकट नकार, दोन्ही चुकीचे ठरतात. अँड्रॉइड १२ आणि त्यापुढच्या फोनवर ‘नीअरबाय डिव्हायसेस’ ही परवानगी दिल्याशिवाय ॲप घड्याळ शोधू शकत नाही. अँड्रॉइड ११ आणि त्याआधीच्या फोनवर हेच काम लोकेशनच्या परवानगीवर अवलंबून होते, त्यामुळे तिथे परवानगी देऊनही फोनचे लोकेशन बंद असेल, तर यादी रिकामी राहते. संपर्कांची परवानगी नाकारली, तर कॉल आल्यावर घड्याळावर नावाऐवजी नुसता क्रमांक दिसतो. फोन आणि कॉलच्या नोंदींची परवानगी नसेल, तर काही घड्याळांवर कॉल आल्याचेच कळत नाही. कॅमेऱ्याची परवानगी सहसा मनगटावरून फोटो काढण्याच्या सोयीसाठी मागितली जाते. ती सोय वापरायची नसेल, तर नकार दिल्याने काहीही अडत नाही.

परवानग्यांनंतर ॲपमध्ये ‘ॲड डिव्हाइस’ निवडावे. टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांची घड्याळेही यादीत येतात, आणि एकाच कंपनीची दोन-तीन नावे दिसली, तर घड्याळाच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’च्या पानावर दिलेल्या ब्लूटूथ पत्त्याची शेवटची चार अक्षरे जुळवून पाहावीत. घड्याळावर होकाराची खूण उमटते, ती दाबली की जोडणी पूर्ण होते आणि वेळ आपोआप जुळते. उंची, वजन आणि घड्याळ कोणत्या हातात आहे, ही माहिती खात्यातून आली नसेल, तर लगेच भरावी, कारण चाललेल्या अंतराचा आणि उष्मांकांचा हिशेब त्यावरच बेतलेला असतो.

मनगटावरून बोलता येणाऱ्या घड्याळांत याखेरीज दुसरी जोडणी असते, आणि ती ठाऊक नसल्यामुळे अनेक जण घड्याळ बिघडले, असे समजतात. नोंदी आणि नोटिफिकेशन कमी विजेच्या ब्लूटूथवरून येतात, पण आवाज नेहमीच्या ब्लूटूथवरून जातो, जसा तो गाडीतल्या स्पीकरला किंवा इअरफोनला जातो. म्हणून पहिली जोडणी झाल्यावर घड्याळातील कॉलची सोय चालू करावी आणि फोनच्या ब्लूटूथ यादीत येणारे दुसरे नाव जोडावे. ब्लूटूथ यादीतून जोडणी करण्याची खरी जागा ही एवढीच. तेच नाव उघडून त्यातला कॉलचा ऑडिओ चालू आणि मीडियाचा ऑडिओ बंद ठेवावा. तसे केले नाही, तर ठाणे–वाशी लोकलमध्ये कोणी पाठवलेला व्हिडिओ उघडताच त्याचा आवाज मनगटातून येतो आणि अख्खा डबा वळून पाहतो.

नोटिफिकेशन आणि बॅटरीची बंधने

अँड्रॉइडवर घड्याळाच्या ॲपला ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’ वेगळा द्यावा लागतो. तो साध्या परवानग्यांच्या यादीत नसतो, सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या पानात असतो. आयफोनवर ब्लूटूथ यादीत घड्याळाच्या नावापुढचे ‘आय’ दाबून ‘शेअर सिस्टीम नोटिफिकेशन्स’ चालू करावे लागते. त्यानंतर ॲपमध्ये मोजकीच ॲप्स निवडावीत. बँकांचे ओटीपी घड्याळावर येऊ देऊ नयेत, असे माझे मत आहे, कारण गर्दीत उभ्या असलेल्या शेजारच्या माणसाला ते आपल्या इतकेच स्पष्ट दिसतात.

पहिल्या दिवशी सगळे नीट चालते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ मुके होते, ही तक्रार फार ऐकू येते. बॅटरी वाचवण्यासाठी फोन रात्रीत घड्याळाचे ॲप बंद करतो, हे त्यामागचे नेहमीचे कारण आहे. ॲपच्या माहितीच्या पानावर बॅटरीचा पर्याय ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करावा. शाओमीच्या फोनवर ‘ऑटोस्टार्ट’ चालू करावे, ओप्पो आणि रिअलमीवर ‘ऑटो लाँच’ द्यावा, सॅमसंगवर हे ॲप ‘नेव्हर स्लीपिंग ॲप्स’मध्ये घालावे. अलीकडे वापरलेल्या ॲप्सच्या पडद्यावरून सगळे एकदम पुसून टाकण्याची सवय असेल, तर तिथे घड्याळाच्या ॲपला कुलूप लावून ठेवावे.

ॲपल वॉच

जुना आयफोन हाताशी असेल, तर घड्याळ आधी अनपेअर करण्याची गरज नसते. दोन्ही आयफोन आणि घड्याळ अद्ययावत करावे, जुन्या फोनचा ताजा बॅकअप घ्यावा आणि घड्याळ मनगटावर, कुलूप उघडलेले ठेवून नवा आयफोन सुरू करावा. मांडणीच्या ओघात हेच घड्याळ पुढे वापरायचे का, असा प्रश्न येतो. त्याला होकार दिला की घड्याळ नव्या फोनकडे जाते. हे पूर्ण होईपर्यंत जुना फोन पुसू नये.

तो प्रश्न आलाच नाही, तर जुन्या आयफोनवरील वॉच ॲपमध्ये ‘ऑल वॉचेस’मधून घड्याळापुढचे ‘आय’ दाबून अनपेअर करावे. त्या वेळी घड्याळाचा बॅकअप आपोआप घेतला जातो आणि ॲपल खात्याचा पासवर्ड दिल्यावर ‘ॲक्टिव्हेशन लॉक’, म्हणजे घड्याळ आपल्या खात्याला बांधून ठेवणारे कुलूप, तेही निघते. मग नव्या फोनवर घड्याळ जोडताना त्या बॅकअपमधून ते पूर्ववत करावे. घड्याळाचा पासकोड आणि त्याला जोडलेले इअरफोन बॅकअपमध्ये येत नाहीत, ते नव्याने द्यावे लागतात. सेल्युलर, म्हणजे स्वतःचे मोबाइल नेटवर्क असलेले, घड्याळ असेल, तर अनपेअर करताना मोबाइल प्लॅन ठेवायचा की काढायचा, असे विचारले जाते. तेच घड्याळ लगेच पुन्हा जोडायचे असल्याने तो ठेवावा.

गॅलेक्सी वॉच आणि वेअर ओएसची इतर घड्याळे

२०२३ मध्ये आलेल्या वेअर ओएस ४ पर्यंत फोन बदलला की घड्याळ पूर्ण पुसून पहिल्यापासून मांडावे लागत असे. आता तसे करावे लागत नाही. गॅलेक्सी वॉचवर सेटिंग्ज, मग जनरल, मग ‘ट्रान्स्फर वॉच टू न्यू फोन’ निवडावे आणि नव्या फोनवर गॅलेक्सी वेअरेबल ॲप उघडून पुढे जावे. गूगलच्या पिक्सेल वॉचसाठी त्याचे स्वतःचे ॲप आहे. नव्या फोनवर आधीचेच गूगल आणि सॅमसंग खाते असावे. जुने घड्याळ वेअर ओएस ४ पर्यंत पोहोचलेले नसेल, तर बॅकअप घेऊन रीसेटचाच मार्ग उरतो.

जुना फोन हाताशी नसेल तर

जुलैच्या पावसात भिजून बंद पडलेला, लोकलमध्ये हरवलेला किंवा एक्सचेंजमध्ये आधीच गेलेला फोन असेल, तर घड्याळ त्याच्याच सेटिंग्जमधून फॅक्टरी रीसेट करावे आणि नवे असल्यासारखे जोडावे. घड्याळात साठलेल्या पण फोनवर न उतरलेल्या नोंदी यात जातात. खात्यात चढलेल्या नोंदी त्याच खात्याने प्रवेश केल्यावर परत दिसतात. ॲपल वॉचचा पासकोडही आठवत नसेल, तर घड्याळ चार्जरवर ठेवून बाजूचे बटण बंद करण्याचा पडदा येईपर्यंत दाबावे आणि मग डिजिटल क्राउन, म्हणजे बाजूची फिरणारी गोल कळ, दाबून धरून पुसण्याचा पर्याय घ्यावा. पुसल्यानंतरही ॲक्टिव्हेशन लॉक राहते आणि त्यासाठी ॲपल खात्याचा पासवर्ड लागतोच. सेकंड हँड घड्याळ घेणाऱ्यांनी यासाठीच पैसे देण्यापूर्वी घड्याळ आपल्या फोनला प्रत्यक्ष जोडून पाहावे.

जोडल्यावर काय तपासावे

घरातल्या कोणाला तरी कॉल करायला सांगावे आणि नाव दिसते का, आवाज दोन्ही बाजूंनी पोहोचतो का, हे पाहावे. मग देवनागरीत एखादा संदेश पाठवायला सांगावा. काही स्वस्त घड्याळांवर मराठी संदेशाच्या जागी चौकोन उमटतात किंवा जोडाक्षरे फुटतात. तो दोष नव्या फोनचा नसून घड्याळातील अक्षरसंचाचा असतो, आणि अपडेटमधून सुधारला तरच सुधारतो.

पुढची चाचणी पुन्हा जुळण्याची. फोन घरात ठेवून लिफ्टने खाली जावे, थोड्या वेळाने परत यावे. ॲप न उघडता घड्याळ एक-दोन मिनिटांत आपोआप जोडले गेले पाहिजे. तसे झाले नाही, तर बॅटरीची बंधने पुन्हा तपासावीत. आरसीसी भिंतींच्या फ्लॅटमध्ये हॉल ते आतली बेडरूम एवढ्या अंतरावर जोडणी तुटणे हा मात्र बिघाड नव्हे. ब्लूटूथची दहा-एक मीटरची मर्यादा मोकळ्या जागेतली असते.

चालण्याची नोंद ठेवणाऱ्यांनी तलावपाळीला, म्हणजे ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठाने, एक फेरी मारून नकाशा पाहावा. ज्या घड्याळांत स्वतःचे जीपीएस नसते, ती फोनचे लोकेशन वापरतात, आणि फोन खिशात असताना ॲपला लोकेशन मिळाले नाही, तर नकाशावरची रेघ काठाने वळसा घेण्याऐवजी सरळ मासुंदा तलावाच्या पाण्यातून गेलेली दिसते. अशा वेळी लोकेशनची परवानगी ‘ऑल द टाइम’ करावी.

एवढे करूनही घड्याळ जुळत नसेल, तर ते घरातल्या तिसऱ्या फोनला जोडून पाहावे. तिथे ते चालले, तर दोष नव्या फोनच्या मांडणीत आहे. सेटिंग्जमधून ‘रीसेट नेटवर्क सेटिंग्ज’ केल्यावर बहुधा मार्ग मोकळा होतो, मात्र त्यात साठवलेले वाय-फाय पासवर्ड आणि इतर ब्लूटूथ जोडण्याही पुसल्या जातात. तिसऱ्या फोनवरही घड्याळ सापडत नसेल, तर सर्व्हिस सेंटर गाठावे आणि जाताना खरेदीचे बिल, घड्याळाचा चार्जर आणि नवा फोन असे तिन्ही बरोबर न्यावे.